गुरूच्या चौकटीतलं नाव

महेश्वरीअक्का आमच्या दुकानात आली की आधी पंखा कुठे फिरतोय ते बघते, मग त्याच्याखालची खुर्ची. बसल्यावर दोन मिनिटं काही बोलत नाही. पदराने मान पुसते, पिशवीतून कागदांची फाईल काढून मांडीवर ठेवते आणि डोळे मिटते. बाकीच्या गिऱ्हाइकांना वाटतं ती झोपली. ती झोपलेली नसते. पुढच्या कामाच्या आधी जरा थांबलेली असते.

आमचं दुकान म्हणजे ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि लॅमिनेशनची एक अरुंद खोली. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि भावाच्या या दुकानात बसायला लागले, त्याला आता सहा वर्षं झाली. अक्काच्या मंडळाचे जवळजवळ सगळे फॉर्म याच टेबलावर भरले गेले. पुढे जे झालं तेही याच टेबलावरून सुरू झालं.

अक्का सत्तेचाळीस वर्षांची आहे. तिचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कन्नड, शाळेत मराठी. वडील मडिवाळप्पा यांचं किराणा दुकान होतं, गावात मान होता. सोळाव्या वर्षी तिचं घर सुटलं. कसं सुटलं हे ती सांगत नाही, "सुटलं" एवढंच म्हणते. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरायचं काम मिळालं. पुढे केस वाढवले, कारखान्यात थट्टा सुरू झाली आणि एक दिवस काम गेलं. काविळीने एसटी स्टँडवर पडलेली असताना काशम्माने तिला बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, कुणाचं गं तू? मग रिक्षात घालून घरी नेलं. चाळीस दिवस बिनतेलाचं करून घातलं.

अक्का बरी झाल्यावर रीत झाली. पंचांसमोर तिने काशम्माच्या पायावर डोकं ठेवलं, काशम्माने तिच्या डोक्यावर पदर टाकला. काशम्मा गुरू, महेश्वरी चेली. तृतीयपंथी लोकांच्या त्या घरात गुरू म्हणजे आई, सासू, घराची मालकीण आणि शेवटी माती देणारं माणूस, सगळं एकच. चेलीने गुरू सोडून जाणं किंवा दुसरीची चेली आपल्याकडे ओढून घेणं, याच्यापेक्षा मोठा गुन्हा त्यांच्यात नाही. आणि हे सगळं तोंडी. कोण कुणाची चेली हे कधी कुठे लिहिलेलं नसतं. सगळ्यांना माहीत असतं, बस.

मंडळ नऊ वर्षांपूर्वी सुरू झालं, तेही ठरवून नाही. काशम्माच्या घराजवळ राहणारी सिद्धेश्वरी डेंग्यूने आजारी पडली. तिला एका दवाखान्यात नेलं, तर बायकांच्या वॉर्डात घेईनात आणि पुरुषांच्या वॉर्डात ती जाईना. दोन दिवस ती मधल्या बोळात स्ट्रेचरवर होती. अक्का आणि आणखी तिघी पाळीपाळीने सलाईनची बाटली धरून उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी सिद्धेश्वरी गेली. दाखल्यावर तिचं गावाकडचं जुनं नाव पडलं, जे तिच्याबरोबर दहा वर्षं राहिलेल्यांनाही माहीत नव्हतं. नात्यातलं कोण आहे असं विचारल्यावर चौघींनी हात वर केले, पण एकीकडेही दाखवायला कागद नव्हता.

त्यानंतरच्या बुधवारी त्या चौघी पिठाच्या गिरणीमागच्या एका खोलीत बसल्या. बुधवार एवढ्यासाठी की मंगळवार-शुक्रवार जोगव्याचे, शनिवार-रविवार बाजाराचे. बुधवारी कुणाला काही नसतं. ठरलं एवढंच की आधी सगळ्यांचे कागद करायचे. मंडळाला बोर्ड नव्हता. लोक बुधवारचं मंडळ म्हणू लागले, तेच नाव राहिलं.

चारच्या अकरा झाल्या, अकराच्या तीस. मग अकलूजहून एक आली, जेऊरहून दोघी आल्या, विणकरांच्या वस्तीतली एक तेलुगू बोलणारी पोर आली, नई जिंदगी भागातल्या तिघी आल्या. मी पहिल्यांदा बैठकीला गेले तेव्हा एकसष्ट जणी होत्या आणि निम्म्या बाहेर पायरीवर बसल्या होत्या, कारण आत जागाच नव्हती.

मंडळ वाढलं तशी अक्का थकत गेली. घरमालकाने सामान बाहेर टाकलं, अक्का. गॅसचं कनेक्शन देईनात, अक्का. जेऊरला वडील वारले आणि भाऊ मातीला येऊ देईना, अक्का. एकीने दुसरीची पैठणी नेसली आणि परत केली नाही, तरी अक्का. ती सगळीकडे जायची. पाय सुजायचे. एकदा मी म्हटलं, दुसरी कुणी तयार करा की. ती म्हणाली, "करते की. तयार झाली की ती नोकरीला लागती. मग मी हायच."

या सगळ्यात एक गोष्ट तिने कधी चुकवली नाही. काशम्माला चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. तेव्हापासून रोज सकाळी अक्का काशम्माच्या घरी जाऊन तिला अंघोळ घालायची, जेवू घालायची आणि मग मंडळाच्या कामाला निघायची. घरात रंभाबाई होती. काशम्माची थोरली चेली, अक्काची गुरुबहीण, पंचांपैकी एक. पण अंघोळ अक्काच घालायची.

काशम्माने स्वतःचा कागद कधी करू दिला नाही. आधार नाही, ओळखपत्र नाही, काही नाही. कागदावर नाव चढलं की माणूस सरकारचं होतं, असं तिचं म्हणणं. अक्काने वर्षानुवर्षं समजावलं. काशम्मा हसायची आणि उजव्या हाताने तिला उडवून लावायची.

चूक झाली ती गेल्या वर्षी, मार्चमध्ये. काशम्माच्या घरातल्या अकरा तरुण चेल्यांचे ओळखपत्राचे फॉर्म भरायचे होते. त्यात ऋतुजा होती, तेवीस वर्षांची. तिला एका खाजगी दवाखान्यात वॉर्डात मदतनीस म्हणून घ्यायला तयार होते, पण कागद त्याच आठवड्यात हवा होता. फॉर्ममध्ये एक चौकट आहे, आई, वडील किंवा गुरू यांपैकी एकाचं नाव आणि ओळखीचा पुरावा. ऋतुजाने आईवडिलांचं नाव घालायला नकार दिला. बाकीच्या दहाजणींचंही तेच. गुरू काशम्मा, पण काशम्माकडे पुरावा नाही. चौकट मोकळी ठेवून मी पुढचं बटण दाबून बघितलं, पान पुढे सरकेना.

साडेपाच वाजून गेले होते. अक्का सकाळपासून तीन ऑफिसं फिरून आली होती. मी म्हटलं, काहीतरी टाकावंच लागेल. तिने डोळे न उघडता आपलं आधार कार्ड टेबलावर सरकवलं.

"माझं टाक."

मी अकरा फॉर्ममध्ये महेश्वरी हे नाव टाकलं. मला तो एक रकाना होता. तिला माहीत असायला हवं होतं, आणि तिला माहीत होतंही. पण रीत तोंडी असते, कागद वेगळा असतो, असं ती इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. त्या संध्याकाळी तिनेही त्यावर विश्वास ठेवला.

प्रमाणपत्र आल्यावर ऋतुजाने ते लॅमिनेट करून घेतलं आणि कौतुकाने काशम्माच्या घरी नेलं. काशम्माला वाचता येत नाही. रंभाबाई चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि गुरूच्या ओळीवर आल्यावर थांबली.

दोन दिवसांनी पंच बसले. रंभाबाईने मांडलं की महेश्वरीने आपल्याच गुरूच्या अकरा चेल्या लेखी स्वतःच्या नावावर करून घेतल्या. अक्काने सांगितलं की फॉर्म पुढे जात नव्हता, नोकरी जात होती, आणि हा नुसता कागद आहे. काशम्मा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. झटक्यानंतर तिचे शब्द जड झालेत, पण त्या दिवशी सगळ्यांना स्पष्ट ऐकू आले.

"नुस्ता कागद हाय, तर माजं का न्हाय लिवलंस?"

अक्काकडे खरं उत्तर होतं. तुम्ही पुरावा करू दिला नाही, म्हणून. पण पंचांसमोर, आजारी गुरूला, सगळ्यांच्या देखत हे म्हणणं तिला जमलं नाही. ती गप्प राहिली आणि गप्प राहण्याचा अर्थ सगळ्यांनी लावला.

पंचांनी उंबरा बंद केला. अकरा कागदांवरचं नाव निघेपर्यंत अक्काने गुरूच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, त्या घरातल्या कुणी तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या हातचं पाणी घ्यायचं नाही. आणि बंदी असताना गुरू गेली, तर मातीलाही यायचं नाही. हे शेवटचं कलम रंभाबाईने हळू आवाजात सांगितलं. काशम्मा चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि डॉक्टरने दुसऱ्या झटक्याची भीती घातली होती.

मंडळ चालूच राहिलं. ते थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. पण बुधवारच्या बैठकीत काशम्माच्या घरच्या पोरी अक्काच्या हातचा चहा घेईनात. पूर्वी तीच सगळ्यांना पेले द्यायची. आता ती किटली खाली ठेवायची आणि दुसरी कुणीतरी उठायची. ज्या खोलीत बसायला हिने सगळ्यांना शिकवलं, तिथे हिला कुणाला पेला देता येत नव्हता. तरी पोलीस चौकीत जायचं असलं की निरोप हिलाच. तेही बंदी न मोडता, तिसरीच्या तोंडून.

अक्काने दुरुस्तीची चौकशी केली. ऑफिसातला कारकून भला होता. तो म्हणाला, नाव बदलता येईल, पण जुनं प्रमाणपत्र आधी रद्द होणार आणि नवं यायला दोन-तीन महिने लागणार. शिवाय नव्या गुरूचा पुरावा आणि अंगठा लागेल. म्हणजे काशम्माचा. म्हणजे ज्या दारात पाय ठेवायचा नाही, त्या दारातून अंगठा आणायचा.

ऋतुजा भडकली. ती दुकानात आली, दवाखान्यातले पांढरे बूट घालूनच. तिने बंदी मोडून अक्काशी सरळ भांडण केलं. म्हणाली, मधल्या काळात माझ्याकडे कागद नसला तर दवाखाना मला ठेवेल का? आणि का काढू तुझं नाव? दाखल्यासाठी माझ्याबरोबर शाळेत कोण आलं होतं?

अक्का म्हणाली, "माझ्या नावावर ऱ्हाऊन तुला काय मिळणार हाय? शेत न्हाय, घर न्हाय. गुडघं हायत दोन, ते बी दुखत्यात."

ऋतुजाला हसू आलं आणि मग रडू. शेवटी अक्का दवाखान्यात जाऊन तिथल्या बाईंना भेटली. तिने त्यांच्याकडून लेखी घेतलं की दुरुस्तीची पावती तीन महिने चालेल. बाकी दहाजणींसाठीही अशीच कुठे ना कुठे फिरली. तो मे महिना होता. डांबर मऊ झालं होतं आणि तिची एक चप्पल रस्त्यालाच चिकटून राहिली. ती दुकानात अनवाणी आली तरी तिने ते सांगितलं नाही. मी पाय बघितले तेव्हा कळलं.

मग एका दुपारी रंभाबाई स्वतः दुकानात आली. अक्का पंख्याखाली बसली होती. रंभाबाईने तिच्याकडे पाठ केली आणि माझ्यासमोर स्टूल ओढलं.

"मॅडम, हितं एक बाई बसलीय, तिला सांगा. अम्मा कागद करायला तयार हाय."

मी अक्काकडे बघितलं. ती हातभर अंतरावर होती.

"अक्का, त्या म्हणताहेत की..."

"ऐकलं मी. तिला इचार, अम्मा कशी हाय?"

"रंभाबाई, अक्का विचारताहेत..."

"अंगावर पानी घेत न्हाय म्हणून सांगा. चार दिवस झालं. मी हात लावला की वरडती."

अक्का म्हणाली, "डाव्या हाताला आधी धरायचं न्हाय, तिला सांग. खांद्याखाली हात घालायचा. पानी आधी पायावर."

"पायावर?" रंभाबाई चुकून वळली, अक्काच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे फिरली. "पायावर, म्हणती?"

"हो," मी म्हटलं. "पायावर."

रंभाबाईने मनातल्या मनात ते दोनदा म्हटलं. मग अट सांगितली. मंडळाचं मोठं शिबिर भरवायचं, म्हणजे अम्मा एकटी ऑफिसात गेल्यासारखं दिसणार नाही. आपल्या घराण्यातल्या ज्या बायकांनी आजवर कागद नको म्हणून हट्ट धरला, त्याही येतील. पण बंदीतलं माणूस तिथे नको. एका छताखाली दोघी बसल्या तर पंचांचा शब्द गेला.

म्हणजे मंडळाचं सगळ्यात मोठं शिबिर, आणि अक्का तिथे नाही. मला वाटलं ती नाही म्हणेल. तिने फाईल उघडली, कुणाला काय कागद आणायला सांगायचे त्याची यादी केली आणि माझ्या हातात दिली. रंभाबाईला ती द्यायचं काम माझं.

शिबिर जूनच्या दुसऱ्या बुधवारी झालं, एका समाजाच्या मंगल कार्यालयात. एकशे अठरा जणी आल्या. काही म्हाताऱ्या काठी टेकत आल्या, ज्यांना मंडळातल्या कुणीही कधी बघितलं नव्हतं. विजापूर रोडवरून एक टेम्पोभर आल्या. मंडळ एका दिवसात दुप्पट झालं. अक्का त्या वेळी आमच्या दुकानात बसून फोनवर मला सांगत होती की पाण्याचे जार कुठून मागवायचे आणि म्हाताऱ्यांना आधी घे.

काशम्माला खुर्चीसकट उचलून आणलं. पांढरं पातळ, कपाळभर भंडारा. आधारच्या यंत्रावर तिचे ठसे उमटेनात. तरुणपणी वीस वर्षं विड्या वळल्या होत्या, बोटं गुळगुळीत झाली होती. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांचा फोटो घेऊन काम झालं. ओळखपत्राच्या फॉर्मात गुरूच्या चौकटीत तिने आपल्या गुरूचं नाव सांगितलं, जी चाळीस वर्षांपूर्वी वारली होती (वारलेल्या गुरूचा पुरावा लागत नाही), आणि सांगताना उजवा हात छातीवर ठेवला. मग अकरा दुरुस्तीचे फॉर्म मी एकेक करून तिला वाचून दाखवले. प्रत्येकात गुरू: काशम्मा. ती मान हलवत होती.

अकरावा झाल्यावर ती म्हणाली, "आता तिचं वाच."

मी विचारलं, कुणाचं?

"महेश्वरीचं. तिच्या कागदावर गुरू कोन हाय ते वाच."

मी थांबायला हवं होतं. पण माझ्यासमोर मंडळाची यादी उघडी होती, दिवसभर मी जे विचारलं ते वाचत होते, आणि मी तेही वाचलं. महेश्वरी. आई: नागव्वा.

काशम्माने तोंड फिरवलं. रंभाबाईने खुर्ची उचलायला सांगितली.

नागव्वा म्हणजे अक्काची जन्मदाती. मंडळ सुरू झालं त्याच वर्षी अक्काने घरी एक निरोप पाठवला होता. तिला उत्तराची आशा नव्हती. मडिवाळप्पा तेव्हा वारले होते. एका सकाळी नागव्वा एकटीच एसटीने आली, थोरल्या मुलाला, शरणबसवला, न सांगता. प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड गुंडाळून पदराखाली धरलं होतं. ऑफिसात तिने अंगठा दिला. समोरच्या बाईने विचारलं, ही कोण तुमची? नागव्वाने मराठी येत नसल्यासारखं केलं आणि अक्काच्या दंडाला धरून उभी राहिली. तीनच्या गाडीने परत गेली. अक्काच्या खोलीवरही आली नाही. पुढच्या वर्षी ती गेल्याचं अक्काला बाजारात एका गाववाल्याकडून कळलं, बाराव्यानंतर. त्या दोघींची नावं एकत्र असलेला तो एकच कागद जगात आहे.

मी संध्याकाळी दुकानात येऊन अक्काला सगळं सांगितलं. एकशे अठरा सांगितले, आणि ती एक ओळही सांगितली. तिने बराच वेळ फाईलच्या दोरीला गाठ मारली आणि सोडली.

"वाचलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "मी कवाच सांगितलं नसतं."

ऑगस्टअखेर अकराही प्रमाणपत्रं आली. सगळ्यांवर काशम्मा. पंचांच्या शब्दाप्रमाणे उंबरा उघडायला हवा होता. बोलावणं आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. रंभाबाईला विचारलं तर ती म्हणाली, पंचांकडून काही नाही आता, अम्माच काही बोलत नाही. मंडळातल्या पोरींनी उपाय सुचवले. अकलूजची म्हणाली, अक्का, तुझ्या कागदावरचं पण बदलून टाक, मॅडम दहा मिनिटांत फॉर्म भरतील. ते खरं होतं. मी फॉर्म उघडूनही ठेवला होता. अक्काने तो बघितला आणि म्हणाली, बंद कर.

गणपती उठल्यानंतरच्या सोमवारी ती न बोलावता निघाली. एकटीला जायचं नव्हतं, म्हणून मला म्हणाली चल. मी दुकान भावावर टाकलं.

काशम्माचं घर बोळाच्या टोकाला आहे. दार उघडं होतं. अक्का उंबऱ्याबाहेर उभी राहिली, चप्पल काढली आणि पुढे सरकली नाही. आत रंभाबाई तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. काशम्मा खाटेवर होती. ती खूप बारीक झाली होती.

"पंचांनी सोडलं," काशम्मा म्हणाली. "मी न्हाय सोडलं."

"व्हय अम्मा."

"अकरा पोरींचं जाऊ दे. लेकरं हायत ती. तुला मी उचलून आणलं. तुझ्या कागदावर तिचं नाव. जिनं तुला टाकलं तिचं."

अक्काने चौकटीला हात टेकला. मला वाटलं ती आता सांगेल, बदलते. ते सोपं होतं, आणि तिला आत जायचं होतं. सहा महिने ती त्याच्यासाठीच फिरत होती.

"ते न्हाय बदलणार मी," ती म्हणाली. "तुमी मला आत घेऊ नगा. मातीला बी येऊ देऊ नगा. पर ते न्हाय बदलत. ती एकटी एसटीनं आली हुती, अम्मा. पोराला न सांगता. अंगठा देऊन गेली. तिनं तेवढंच दिलं मला, आन तेवढ्यासाठी ती सत्तर वर्साची म्हातारी उभ्यानं आली हुती."

बोळात कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. काशम्मा भिंतीकडे बघत होती. तिचा उजवा हात गोधडीची शिवण चाचपत होता.

"माजी आई न्हाय आली," ती शेवटी म्हणाली. "गाव कोस दोन कोसावर हुतं. तवा कागद बिगद काय नव्हता, पर निस्तं बगायला बी न्हाय आली. आली असती तर मी बी तिचंच लिवलं असतं."

रंभाबाईने खाली मान घालून पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. अक्का बाहेरच उभी होती. आपण होऊन आत यायचं नाही, एवढं तिला अजून पाळायचं होतं.

"आता काय उनात सुकत घालायचं हाय का तुला?" काशम्मा म्हणाली. "ये. हिनं मला सहा म्हयने पानी घातलंय का गाडी धुतलीय कुणाला ठावं."

अक्का आत गेली. खाटेपाशी गुडघे टेकायला तिला वेळ लागला, गुडघे वाजले, रंभाबाईने न विचारता तिच्या पाठीला हात दिला. तिने काशम्माच्या डाव्या खांद्याखाली हात घातला, पण लगेच उचललं नाही. तशीच थांबली, कपाळ खाटेच्या काठावर टेकून. काशम्मानेही घाई केली नाही.